तपासणीत सापडली, मग पुढे? जत तालुक्यातल्या एका सीएचओंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची आहे. बायका येत नाहीत. आल्या आणि एखादी पॉझिटिव्ह निघाली, तर ती सांगली-मिरजेला जात नाही. आपल्यासारख्या देशांत हे काम कुठे खरोखर जमले आहे का? की आपण नुसते पोर्टल भरतोय?"

जमले आहे. आणि ते सांगायला लगेच परदेशात जायची गरज नाही. जतहून पंढरपूरमार्गे बार्शी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर कळला, कोण वाचले, कोण गेले, हे गावोगाव फिरून लिहिणारी माणसे तिथे तयार झाली. फिरता फिरता ती बायकांशी बोलायची. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून घाण वासाचे पाणी जायला लागले, तर अंगावर काढू नका, दाखवा. एवढ्यानेच गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर कळू लागला. त्या कामात ना यंत्र होते ना औषध. घरी जाऊन, ओळखीच्या माणसाने, पुन्हा पुन्हा बोलणे एवढेच होते.

त्याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका, खेड्यांचे ५२ गट. काही गावांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणे, काहींत आपण करतो ती व्हाया, म्हणजे अॅसिटिक अॅसिड लावून पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघणे, आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच व्यवस्था. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. ज्यांची ही चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यात नंतर कॅन्सर होण्याचे प्रमाण पॅप किंवा व्हाया निगेटिव्ह आलेल्या बायकांच्या सुमारे एक चतुर्थांश होते. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या सगळ्यात भक्कम पुराव्यांपैकी एक या बायकांनी दिलेला आहे. ज्या गावांत तपासणी झालीच नाही तिथल्या बायकांबद्दल पुढे वाद झाला, आणि तो रास्त होता असे मी मानते. म्हणूनच हे ज्ञान आपल्याच भागात वापरात नाही हे मला फार लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या देशभरात फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तनाची आणि तोंडाची तपासणी झालेल्या तर ०.९ टक्के.

तुमच्या हातात सध्या व्हाया आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. उस्मानाबादच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हायाने मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात मात्र याच व्हायाने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथे तपासणी करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. जेमतेम दहावी झालेल्या त्याच भागातल्या बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन उभे केले होते. तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात नर्सनी व्हाया केली, तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी उतरले. चाचणी एकच आणि निकाल तीन तऱ्हेचे, हे कसे? माझे वाचन असे आहे. व्हाया सगळी बघणाऱ्याच्या डोळ्यावर आहे, आणि डोळा तयार व्हायला व टिकायला देखरेख लागते. मुंबईत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि वाचन सतत तपासले गेले. दिंडिगलमध्ये जिला गरज होती तिला त्याच भेटीत उपचार मिळू शकत होता. एकदा शिबिर घेऊन निघून जाणाऱ्याच्या हाती व्हायाने काही लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण खरे दुखणे तिथे आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सांगली जिल्ह्यात वीसेक वर्षे काम करते आहे. शिबिराच्या बातमीत "तीनशे महिलांनी लाभ घेतला" असे छापून येते. त्यातल्या किती पॉझिटिव्ह निघाल्या हे कधी कधी कळते. पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी उपचार किती जणींचे झाले, हे मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा कुणाकडे उत्तर नसते. तपासणीचा सगळा फायदा या शेवटच्या आकड्यात असतो. बाकीच्या तपासण्यांनी कुणाचा जीव वाचत नाही.

खानापूर तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. वय अडतीसच्या आसपास, नवरा गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या कामावर परराज्यात. दीड वर्षापूर्वी एका शिबिरात तिची व्हाया पॉझिटिव्ह आली होती आणि तिला चिठ्ठी मिळाली होती. चिठ्ठीवर एवढेच: "पुढील तपासणीसाठी पाठवीत आहोत". ती चिठ्ठी तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये नीट घडी घालून जपली होती. का नाही गेलीस, असे विचारल्यावर तिने जे सांगितले त्यात अडाणीपणा कुठेच नव्हता. मुलाची दहावी होती. मग द्राक्षाच्या विरळणीची रोजची मजुरी सुरू झाली. सासूला एकटे ठेवता येत नव्हते. आणि कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कोणत्या खोलीत, कुणाला भेटायचे, हे त्या चिठ्ठीत कुठेच नव्हते. एकदा ती विट्याहून मिरजेपर्यंत जाऊन आली होती, तर तो ओपीडीचा दिवस नव्हता. सुदैवाने डाग अजून कॅन्सरपूर्व अवस्थेतच होता. उपचाराला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

हा उपचार तिला शिबिराच्या दिवशीच मिळू शकला असता. थर्मल अ‍ॅब्लेशनचे यंत्र हातात मावते, बॅटरीवर चालते. त्याचे टोक साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि डागावर २० ते ३० सेकंद टेकवायचे असते. पूर्वी डाग गोठवणाऱ्या क्रायोथेरपीसाठी गॅसची जड नळकांडी न्यावी लागायची, ती अडचण आता राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. प्रत्येक डागाला ते चालत नाही. डाग पूर्ण दिसायला हवा, तो पिशवीच्या मुखाच्या आतल्या वाटेत शिरलेला नको, यंत्राच्या टोकाखाली मावायला हवा, आणि कॅन्सरचा संशय अजिबात नको. पण व्हाया पॉझिटिव्ह बायकांपैकी बऱ्याच जणी या अटींत बसतात. नंतर महिनाभर पाण्यासारखा स्राव जातो, तेवढे दिवस संबंध टाळायचे, आणि वर्षाने पुन्हा दाखवायचे. हे तिला आणि तिच्या नवऱ्यालाही सांगावे लागते. नवरा बाहेरगावी असेल तर फोनवर सांगा, पण सांगा.

बाहेरच्या देशांत जिथे यश आले, तिथे हीच गोष्ट दिसते. थायलंडमध्ये रोई एट प्रांतात २००० च्या सुमारास नर्सनी व्हाया आणि क्रायोथेरपी एकाच भेटीत द्यायला सुरुवात केली. झांबियात २००६ पासून नर्सच तपासतात, गर्भाशयमुखाचा फोटो काढतात, शंका आली तर तो वरिष्ठांना दाखवतात आणि शक्य तिथे लगेच उपचार करतात. त्यांनी हे काम एचआयव्हीच्या दवाखान्यांना जोडून घेतले, म्हणजे बाई जिथे एरवी येतच होती तिथेच. मलेशियात २०१८ पासून एका प्रकल्पात बाई स्वतःच योनीतला नमुना घेते आणि निकाल तिच्या मोबाइलवर येतो.

उलट लॅटिन अमेरिकेत काही देशांनी कित्येक दशके पॅपच्या स्लाइड्स लाखोंनी काढल्या, पण मृत्यू म्हणावे तसे हलले नाहीत. तरुण बायकांच्या त्याच त्या तपासण्या, प्रयोगशाळेचा कच्चा दर्जा, आणि निकाल लागला तरी बाईपर्यंत न पोहोचणे, ही त्याची कारणे. आपण पॅपचा मोठा कार्यक्रम उभा करायच्या फंदात पडलो नाही हे बरेच झाले. पण तीच चूक आपण व्हायाच्या बाबतीत करू शकतो.

तर तुमच्या उपकेंद्राविषयी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे एकच मागणी लावून धरा: ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस, थर्मल अ‍ॅब्लेशनचे यंत्र आणि ते चालवणारे प्रशिक्षित माणूस. तो दिवस पक्का झाल्यावर त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमच्याकडची तपासणी ठेवा. पॉझिटिव्ह बाईच्या हातात चिठ्ठी देताना त्यावर वार, वेळ, खोली आणि भेटायच्या सिस्टरचे नाव लिहा. आशाताईंनी त्या दिवशी तिच्याबरोबर जावे. एकटी बाई जात नाही, तिघी मिळून जीप करून जातात. हे मी सगळीकडे पाहिले आहे.

बायका येत नाहीत त्याला हंगामही कारण आहे. जत भागातून कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. मागे उरलेल्या बायका द्राक्षबागांत मजुरीला. नोव्हेंबर ते मार्चमध्ये शिबिर लावून हजेरी पडत नाही म्हणून बायकांना दोष देणे बरोबर नाही. आषाढ-श्रावणात, पेरणी-भांगलणीतून उसंत मिळते तेव्हा, बाजाराचा वार सोडून लावा. ऊसतोडीवर गेलेल्यांसाठी वाळव्याकडच्या कारखान्यांच्या तळावर तिथल्या आरोग्य केंद्राने तपासणी घ्यायला हवी, आणि नोंद तुमच्या गावी परत यायला हवी. हे दुसरे काम अजून कुणी नीट केलेले मी पाहिले नाही.

तपासणीच्या खोलीकडेही लक्ष द्या. दाराला आतून कडी लागते का? पडदा आहे का? टेबलावर स्वच्छ चादर, आणि बाईला अंगावर घ्यायला दुसरी चादर? मध्येच शिपाई रजिस्टर मागायला आला तर पुढच्या वेळी त्या गल्लीतली एकही बाई येणार नाही. ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड रोजच्या रोज नवे करा: ५ मिलि ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि ९५ मिलि पाणी. कालचे उरलेले वापरले तर डाग नीट उठत नाही. बोळा लावल्यावर घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबा. घाईत वीस-तीस सेकंदांत बघून "नॉर्मल" लिहिलेल्या कित्येक नोंदी मला माहीत आहेत. खरा डाग दाट, पांढरा, काठ स्पष्ट असलेला आणि आतल्या-बाहेरच्या त्वचेच्या सीमेला चिकटलेला असतो. फिकट, विखुरलेली पांढुरकी छटा म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. पन्नाशी उलटलेल्या बायकांत ती सीमा आत सरकलेली असते, तिथे व्हायावर विसंबू नका. त्यांना एचपीव्ही चाचणीसाठी पाठवा.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिथेच, त्याच खोलीत, तिच्या भाषेत सांगा. हे सांगायचे राहिले की दुसरेच संकट येते. घाबरलेली बाई जवळच्या खासगी दवाखान्यात जाते आणि पाच मिनिटांच्या उपचाराऐवजी पिशवी काढून परत येते. कर्ज काढून झालेली, अजिबात गरज नसलेली अशी ऑपरेशने मी पाहिली आहेत. "पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली" हे बायका स्वतःही म्हणतात, कारण त्यांना तसेच सांगण्यात आलेले असते. पांढऱ्या डागासाठी पिशवी काढायची नसते. आणि कॅन्सर असलाच, तर साधे पिशवी काढायचे ऑपरेशन त्याला अपुरे पडते आणि पुढचा उपचार अवघड करून ठेवते. कॅन्सर ठरला तर महात्मा फुले योजनेत उपचार होतात, हेही तिला त्याच वेळी कळू द्या.

पुढच्या काही वर्षांत आपण व्हायाकडून एचपीव्ही चाचणीकडे जायलाच हवे. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तोच आहे: तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. लाजेचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. क्षयरोगासाठी ट्रूनॅट यंत्रे तालुकापातळीवर आलेली आहेत आणि त्या यंत्रावर एचपीव्हीची चाचणीही होते. तेव्हा अडथळा तंत्राचा राहिलेला नाही, खर्चाचा आणि इच्छेचा आहे. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या बाईला उपचारापर्यंत नेणारी साखळी आधी बांधली नाही, तर चांगली चाचणी आणूनही आपण फक्त जास्त चिठ्ठ्या वाटू.

लसीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या गावातल्या आया तुम्हाला विचारतीलच. रवांडाने २०११ साली शाळांमधून एचपीव्ही लसीकरण सुरू केले, शाळाबाह्य मुलींना गावातल्या आरोग्यसेवकांनी शोधून काढले आणि नव्वद टक्क्यांच्या वर मजल मारली. भूतानने त्याच्याही आधी, २०१० साली सुरुवात केली होती. एकच डोस पुरतो हे कळण्यात आपल्या मुलींचा वाटा आहे. भारतात दोन आणि तीन डोसची तुलना करणारा एक अभ्यास २०१० साली सरकारी आदेशाने मध्येच थांबला, त्यामुळे अनेक मुलींना एकच डोस मिळाला. त्यांत बार्शी आणि पुण्याच्याही मुली होत्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनंतरही एका डोसचे संरक्षण टिकून असल्याचे दिसले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही त्याच वर्षी परवानगी मिळाली. नऊ ते चौदा हे वय सगळ्यात चांगले. "लसीने मूल होत नाही" ही अफवा तुमच्या कानावर येईल. ती खोटी आहे हे ठामपणे सांगा, आणि स्वतःच्या घरातल्या मुलीला लस दिली असेल तर तेही सांगा. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागेलच.

तोंडाच्या बाबतीत आपल्या भागाचे दुखणे उघड आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात जवळपास दर चौथा प्रौढ माणूस बिनधुराची तंबाखू वापरताना आढळला. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी आणि मावा कुठे मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. बायकांच्या मिशरीकडे मात्र आपण काणाडोळा करतो. तव्यावर तंबाखू भाजून दात घासायची ती सवय "दात दुखतात", "पोट साफ होत नाही" म्हणून लागते आणि दिवसातून चार-चार वेळांवर जाते. व्हायाला आलेल्या प्रत्येक बाईचे तोंड उजेडात, गालाच्या आत आणि जिभेखाली बघा. तीन बोटे उभी तोंडात जातात का, पांढरा-लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. केरळमध्ये तिरुअनंतपुरमजवळच्या पंचायतींत हीच साधी तपासणी दर काही वर्षांनी केली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पुरुष उपकेंद्रात येणार नाहीत. सकाळी दूध डेअरीवर, रांग असते तेव्हा टॉर्च घेऊन उभे राहा.

स्तनासाठी हाताने तपासणी करा, ती पुरेशी उपयोगी आहे. मुंबईच्या वीस वर्षांच्या अभ्यासात त्यामुळे गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही लक्षात ठेवा. मॅमोग्राफीची गाडी येण्याची वाट बघू नका. न दुखणारी गाठ लागली की साठ दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, असा जागतिक निकष आहे. त्यापुढचा प्रत्येक आठवडा तुम्ही फोन करून विचारायचा.

एका गटाला मात्र सगळ्यांत आधी गाठा. सांगली जिल्ह्याने एचआयव्हीचा मोठा काळ पाहिला आहे, आणि एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हायला हवी. त्यांची यादी तुम्ही मागू नका, ती गुप्तच राहिली पाहिजे. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राच्या समुपदेशकांना भेटा आणि तुमचा ठरलेला दिवस कळवा. औषध घ्यायला येणाऱ्या बायकांना त्या स्वतः सांगतील. तुमच्या खोलीत मग ती इतर बायकांसारखीच एक बाई असेल, आणि रजिस्टरमध्ये वेगळी खूण करायची नाही.